जागतिक परिषद मुंबईत आणायची तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न विचारणारी परळच्या एका रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणात किंवा अपंगत्वात रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठी मदत करणारी तज्ज्ञ. तिचं म्हणणं थोडक्यात असं : "आमच्या व्यवसायाच्या जागतिक महासंघाची काँग्रेस, म्हणजे जागतिक परिषद, दर चार वर्षांनी भरते. भारतात ती एकदाही झालेली नाही. आम्ही आठ-दहा जणांनी मुंबईसाठी दावा करायचं ठरवलंय. बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुलातलं) परिषद केंद्र पाहून आलो, मुंबईवर एक व्हिडिओही तयार होतोय. आता मंत्रालयात कोणाला भेटायचं आणि बिड डॉक्युमेंट, म्हणजे दाव्याचा प्रस्ताव, कसा लिहायचा?"

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण परिषद इथे यावी असं वाटणारी माणसं खूप भेटतात, पण जागा स्वतः पाहून येणारी फार थोडी. मी गेली सव्वीस वर्षं मुंबईत परिषदा भरवण्याचं काम करते. त्यातला मोठा काळ त्या इथे याव्यात म्हणून दावे लिहिण्यात गेला. काही जिंकलो, त्याहून जास्त हरलो. त्या अनुभवावरून सांगते, व्हिडिओचं काम थांबवा आणि मंत्रालयही सध्या राहू द्या. तुम्हाला सगळ्यात आधी हवं आहे ते तुमच्या राष्ट्रीय संघटनेचं पत्र.

अशा महासंघात देश सदस्य असतो आणि देशाच्या वतीने बोलायचा अधिकार त्याच्या राष्ट्रीय संघटनेला असतो. मुंबईच्या आठ-दहा जणांनी कितीही देखणा प्रस्ताव पाठवला तरी तो विचारातच घेतला जात नाही. म्हणून कार्यकारिणीत रीतसर ठराव झाला पाहिजे, आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात : शहर मुंबईच, स्थानिक आयोजन समितीचा अध्यक्ष कोण, करारांवर सही कोण करणार आणि तोटा झाला तर तो कोणाच्या माथी. चौथ्या मुद्द्यावर बैठकीत सगळे गप्प होतात. तो मुद्दा त्या बैठकीतच मिटवा, पुढच्या बैठकीवर ढकलू नका. दिल्ली, हैदराबाद, कोचीचे सहकारीही आपल्या शहराचं नाव पुढे करतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यांना समितीत मानाची जागा द्या. यजमान ठरवायला सदस्य देश मतदान करतात त्या दिवशी सभागृहात भारताचे लोक दोन टेबलांवर बसलेले दिसले की बाकीच्या देशांना काय ते कळतं.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते? एका वैद्यकीय शाखेच्या दाव्यावर आम्ही दोन वर्षं काम केलं होतं. केंद्राच्या तारखा धरल्या होत्या, हॉटेलांचे दर लेखी आले होते. मतदानाला महिना उरला असताना त्यांच्या राष्ट्रीय संघटनेत निवडणूक झाली, आणि नव्या कार्यकारिणीने महासंघाला कळवलं की शहराचा आम्ही फेरविचार करतोय. एवढं एक वाक्य. त्यानंतर आमचा दावा कोणी गांभीर्याने घेतला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही घेतला नसता.

याहून मोठं उदाहरण सगळ्यांसमोर घडलेलं आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं १४१वं अधिवेशन मुंबईला द्यायचं फेब्रुवारी २०२२मध्ये बीजिंगला ठरलं. मुंबई एकटीच उमेदवार होती, कारण पाहणी, पडताळणी, बोलणी हे सगळं मतदानाआधीच उरकलं होतं. एवढं होऊनही भारतीय ऑलिम्पिक संघटनेतल्या अंतर्गत वादांमुळे २०२३च्या मे महिन्यातलं ते अधिवेशन पुढे ढकललं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये बीकेसीत पार पडलं. ऑलिम्पिकवाल्यांच्या पाठीशी किती बळ असतं! आपल्यासारख्या व्यावसायिक संघटनांना असा धक्का झेपत नाही.

आता कोणत्या खंडाची पाळी कधी, याचा हिशेब. तुमच्या महासंघाची काँग्रेस २००६मध्ये सिडनीला झाली, २०१०मध्ये सँटियागोला, २०१४मध्ये योकोहामाला, २०१८मध्ये केपटाउनला, २०२२मध्ये पॅरिसला, आणि २०२६ बँकॉककडे गेलं. ही यादी भिंतीवर चिकटवा. खंड फिरता राहतो. बँकॉकनंतर लगेच पुन्हा आशियासाठी मागणी केली तर बाकीचे खंड म्हणणार, आत्ताच तर तुमच्याकडे झाली. नियमात असं काही लिहिलेलं नसेलही, पण मतं देणाऱ्यांच्या मनात ते असतं. म्हणजे तुमची खरी संधी एखादी फेरी सोडून आहे. हे वाचून नाराज होऊ नका. गणितज्ञांची जागतिक काँग्रेस २०१०मध्ये हैदराबादला झाली, तिचा निर्णय २००६मध्येच झाला होता. चार वर्षांआधी निर्णय, त्याआधी दोन-तीन वर्षं तयारी, ही या कामाची नेहमीची चाल आहे. तुम्हाला हाताशी आलेला वेळ मला तर वरदानच वाटतो.

त्या वेळात करायचं काय, तर महासंघाचं काम. तुमच्यापैकी कोणी तिथल्या एखाद्या कार्यगटात आहे का? कोणी शोधनिबंधांचं परीक्षण करतं का? एखादी लहान प्रादेशिक बैठक, कार्यशाळा, पदाधिकाऱ्यांची सभा मुंबईत बोलवता येईल का? साठ माणसांची बैठक नीट पार पडली, सगळ्यांना व्हिसा वेळेवर मिळाले, जेवण कोणाला बाधलं नाही, प्रवासखर्चाचे पैसे महिन्याभरात पोचले, की ती साठ माणसं आपापल्या देशांत जाऊन तुमच्याविषयी बोलतात. मी जिंकलेल्या प्रत्येक दाव्यामागे अशी एखादी लहान बैठक होती. व्हिडिओमुळे जिंकलेला दावा मला एकही आठवत नाही.

मग मुंबईच का, हा प्रश्न येतो. इथे बहुतेक जण गेटवे, क्वीन्स नेकलेस आणि डबेवाले दाखवतात. हे सगळं सुंदर आहे, पण ते प्रत्येक व्यवसायाच्या प्रत्येक दाव्यात असतं, आणि बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ते आधी पाहिलेलं असतं. तुमच्याकडे याहून किती मोठी गोष्ट आहे! ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, लग्न करून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. १९५२मध्ये तुमची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला, आणि त्याच्या दहा संस्थापक सदस्यांमध्ये भारत होता. म्हणजे ज्या महासंघाच्या दारात तुम्ही पाहुण्यासारखे उभे राहू पाहताय, ते घर बांधणाऱ्यांत तुम्ही होता. (जाता जाता, १९५२मध्येच कुटुंबनियोजनाच्या जागतिक महासंघाची स्थापना याच मुंबईतल्या परिषदेत झाली. जगभरची माणसं एका कामासाठी इथे जमण्याची सवय या शहराला जुनी आहे.) तुमच्या दाव्याचं पहिलं पान हे असायला हवं : दहा संस्थापकांपैकी एक, आणि इतक्या वर्षांत यजमानपद एकदाही नाही.

दुसरं पान पुढचं असू द्या. काँग्रेस इथे भरल्याने या व्यवसायाचं काय भलं होणार? आपल्याकडे अजून ओटी म्हटलं की लोकांना ऑपरेशन थिएटर वाटतं. पक्षाघातानंतर हाताने घास घेता यावा, शाळेतल्या मुलाला पेन्सिल धरता यावी, यासाठी झटणारा एक वेगळा तज्ज्ञ असतो हे अनेक डॉक्टरांनाही नीट ठाऊक नसतं. २०२१च्या आरोग्य व संलग्न व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात तुमच्या व्यवसायाला स्थान मिळालं आहे. कायदा कागदावरून जिल्हा रुग्णालयात उतरायला अशी एक काँग्रेस किती मदत करील, हे नेमकेपणाने लिहा. मतं देणारी माणसं तुमच्याच व्यवसायातली आहेत. त्यांना हे भिडतं.

महासंघ दाव्यासाठी एक मागणीपत्र काढतो, त्याला आम्ही आरएफपी म्हणतो. ते आल्यावर घाईने उत्तरं लिहू नका, आधी दोनदा नुसतं वाचा. मुख्य सभागृह किती जणांचं, समांतर सत्रांच्या खोल्या किती, पोस्टर आणि प्रदर्शनाला जागा किती, कोणत्या महिन्यांत चालेल, महासंघाचा वाटा किती, विमा कोणी काढायचा, हे सगळं त्यात असतं. मुंबईत दीड हजारांचं सभागृह मिळतं. अडतं ते समांतर खोल्यांवर. एका छताखाली बारा-चौदा चांगल्या खोल्या इथे फार थोड्या जागी आहेत. २०२२मध्ये सुरू झालेलं बीकेसीतलं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर त्यात बसतं, पण तिथल्या तारखा आणि दर तुमच्या मनासारखे असतीलच असं नाही. गोरेगावचं नेस्को प्रदर्शनासाठी उत्तम, मात्र मोठ्या हॉलमध्ये पार्टिशन टाकून खोल्या केल्या की शेजारच्या वक्त्याचा आवाज येतो. वाशीचं सिडको केंद्र स्टेशनजवळ आहे, तेही पाहून ठेवा. जागा आवडली की तारखांचा फर्स्ट ऑप्शन, म्हणजे त्या तारखांवर पहिला हक्क, लेखी मागा : निकालाच्या तारखेपर्यंत विनाशुल्क, दर आजचा, दरवाढ वर्षाला किती टक्के तेही लिहिलेलं, कर धरून की वगळून तेही. तोंडी "होऊन जाईल मॅडम" यावर चार वर्षांनंतरची परिषद उभी राहत नाही.

आता मुंबईतली सगळ्यात अवघड बाब. तुमच्या काँग्रेसला येणारे अनेक जण व्हीलचेअरवर असतील, काहींना दिसत नसेल, काहींना ऐकू येत नसेल. दुसऱ्या व्यवसायात हा मुद्दा दाव्याच्या चाळिसाव्या पानावर असतो. तुमच्याकडे तो तिसऱ्या पानावर हवा.

पुनर्वसन क्षेत्रातल्याच एका संघटनेची माणसं दाव्यासाठी मुंबईची पाहणी करायला आली, तेव्हा मी बरोबर होते. आलेल्या दोघांपैकी एक बाई व्हीलचेअर वापरणाऱ्या. आम्ही त्यांना एका पंचतारांकित हॉटेलात नेलं. पोर्चमध्ये हार घालून स्वागत झालं, आणि समोर चार संगमरवरी पायऱ्या. रॅम्प आहे का? आहे, मागच्या बाजूला. आम्ही इमारतीला वळसा घालून गेलो. भाजीचे क्रेट उतरत होते, खाली पाणी सांडलं होतं, आणि त्या दारातून, स्वयंपाकघराच्या बाजूने त्या लॉबीत पोचल्या. हार अजून गळ्यात होता. त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांना सुगम, म्हणजे व्हीलचेअरसाठी सोयीची म्हणून ठेवलेली, खोली दाखवली. खोली ऐसपैस होती, बाथरूमच्या दाराशी मात्र दोन इंचांचा उंबरा. मॅनेजर भला माणूस होता. त्याने लगेच सुताराला बोलावून फळी टाकतो म्हणून सांगितलं. बाईंनी पिशवीतून टेप काढला आणि दाराची रुंदी मोजली, उंबरा मोजला, बेसिनखालची जागा मोजली, आकडे वहीत लिहिले. निघताना मला एवढंच विचारलं, "तुमच्याकडचे माझ्यासारखे सहकारी रोज कामावर कसे येतात?" मला उत्तर देता आलं नाही. तो दावा आम्ही हरलो, आणि हरायलाच हवा होता.

त्या दिवसापासून माझ्या पिशवीत टेप असतो. दार किमान ९०० मिलिमीटर मोकळं आहे का, रॅम्पचा चढ एकास बारापेक्षा तीव्र नाही ना, व्यासपीठावर चढायला रॅम्प आहे का (हे हमखास राहून जातं, वक्ता व्हीलचेअरवर असू शकतो हे कोणाच्या मनातच येत नाही), हे मी स्वतः मोजते. तुम्ही तर या कामात माझ्यापेक्षा कितीतरी जाणत्या आहात. तुमच्यातले चौघे जण व्हीलचेअर वापरणाऱ्या एका सहकाऱ्याला बरोबर घेऊन केंद्र, हॉटेलं आणि मधला रस्ता तपासा. मेट्रोची ॲक्वा मार्गिका आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आहे आणि तिला विमानतळाच्या टी-टू आणि बीकेसी अशी दोन्ही स्थानकं आहेत. लिफ्ट आहेत, गाडीत चढताना पायरी नाही. दहा वर्षांपूर्वी मी हे लिहूच शकले नसते. पण स्थानकाच्या दारापासून केंद्राच्या दारापर्यंतचा फुटपाथ स्वतः पार केल्याशिवाय ते दाव्यात लिहू नका. जिथे कमी पडतं ते लपवू नका. "हे आज असं आहे, यासाठी आम्ही अमुक बसगाड्या ठेवू, अमुक हॉटेलाने इतक्या खोल्या बदलून द्यायचं लेखी मान्य केलं आहे" असं लिहा. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा तुमच्या बाजूने आहे. हॉटेलवाल्यांशी बोलताना त्याचा आधार घ्या. काँग्रेसच्या निमित्ताने मुंबईतल्या पाच हॉटेलांचे उंबरे निघाले तरी ते काम तुमच्या नावावर कायमचं राहील, आणि दावा लिहिताना हेच त्यातलं सगळ्यात जोरकस कलम ठरेल.

पैशांकडे वळते. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण चांगली चांगली माणसं इथेच फसतात.

आकडे समजुतीसाठी घेतलेत. समजा दीड हजार प्रतिनिधी : ६०० परदेशी, ९०० भारतीय. परदेशी शुल्क सरासरी ५०,००० रुपये, भारतीय १८,०००. जमा झाले ३ कोटी अधिक १ कोटी ६२ लाख, एकूण ४ कोटी ६२ लाख. माणशी खर्च, म्हणजे चार दिवसांचं जेवणखाण, पिशवी, बिल्ला वगैरे, १४,००० धरला तर २ कोटी १० लाख गेले. उरले २ कोटी ५२ लाख. आता जो खर्च माणसं कमी आली तरी तेवढाच राहतो तो बघा : केंद्राचं भाडं, ध्वनी आणि पडदे, प्रत्येक समांतर खोलीतली यंत्रणा, संकेतस्थळ, विमा, निमंत्रित वक्त्यांचा आणि पदाधिकाऱ्यांचा प्रवास, सांकेतिक भाषेचे दुभाषे. तो समजा ४ कोटी. तूट १ कोटी ४८ लाख, आणि यात महासंघाचा वाटा अजून धरलेलाच नाही. परदेशी प्रतिनिधी १२० ने कमी आले तर माणशी ३६,००० (शुल्क ५०,००० वजा खर्च १४,०००) प्रमाणे आणखी ४३ लाख २० हजार कमी पडतात.

ही तूट प्रदर्शन आणि प्रायोजकांतून भरायची. हृदयरोग किंवा मधुमेहाच्या परिषदांना औषध कंपन्या असतात, तुमच्याकडे तो ओघ नाही. तुमचे प्रदर्शक म्हणजे व्हीलचेअर, स्प्लिंट, सहायक साधनं बनवणारे, पुनर्वसन केंद्रं, विद्यापीठं, आणि कानपूरच्या ॲलिम्कोसारखी सरकारी कंपनी. त्यांच्याशी दावा लिहिण्याआधीच बोला आणि जमेल तितक्यांची इच्छापत्रं घ्या. भारतीय शुल्क वाढवून तूट भरायचा मोह होईल. तो आवरा. नागपूरची, नांदेडची नवी थेरपिस्ट १८,००० कुठून आणणार याचीच मला काळजी वाटते. ती आली नाही तर परिषद मुंबईत भरवून कोणाला काय मिळालं?

दोन तांत्रिक गोष्टी पटकन सांगते. शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि दाव्यातला आकडा करासहित की करावेगळा हे लिहिलंच पाहिजे. नंतर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं. परदेशी प्रतिनिधींनी भरलेलं सहभाग शुल्क हे परकीय देणगी मानलं जात नाही, पण परदेशी संस्थेने दिलेली देणगी किंवा अनुदान एफसीआरएच्या, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याच्या, कक्षेत येतं. म्हणून संघटनेच्या सीएला पहिल्या बैठकीपासून बरोबर ठेवा. आणि माझ्यासारख्या आयोजक संस्थेबद्दल विचारलंत तर, दाव्याच्या टप्प्यात आम्हाला पैसे देऊ नका. जिंकल्यावर काम आमच्याकडे येईल या अटीवर आम्ही ते करतो. मात्र ते लेखी असू द्या, आणि महासंघाची स्वतःची ठरलेली आयोजक संस्था आहे का ते आधी विचारून घ्या.

व्हिसा हा दावा जिंकवतोही आणि बुडवतोही. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय परिषदेला संबंधित मंत्रालयाची मान्यता, परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी आणि गृह मंत्रालयाची परवानगी या वाटेने जावं लागतं. ते झाल्यावर प्रतिनिधी तुमच्या निमंत्रणपत्राच्या आधारे कॉन्फरन्स व्हिसा मागतात. पाकिस्तान, अफगाणिस्तान यांसारख्या काही देशांच्या लोकांची छाननी वेगळी आणि लांब असते. महासंघ तुम्हाला नक्की विचारणार : आमच्या प्रत्येक सदस्य देशाचा माणूस येऊ शकेल का? फेब्रुवारी २०१९मध्ये दिल्लीच्या नेमबाजी स्पर्धेसाठी पाकिस्तानच्या खेळाडूंना व्हिसा मिळाला नाही, तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने भारताशी यजमानपदाची सगळी बोलणी थांबवली होती. सरकारने लेखी हमी दिल्यावर त्या जूनमध्ये ती पुन्हा सुरू झाली. तुम्ही सरकारच्या वतीने हमी देऊ शकत नाही, देऊही नका. काय कराल ते सांगा : अर्ज किती महिने आधी, अडलेल्या प्रत्येक अर्जाचा पाठपुरावा करणारा माणूस कोण, आणि कोणाला येता आलंच नाही तर ऑनलाइन निबंध वाचायची सोय. असं खरं उत्तर मिळालं की प्रश्न विचारणारा समाधानाने खाली बसतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

मंत्रालयाची पाळी आता आली. पर्यटन विभाग, महापालिका, आणि दिल्लीचा इंडिया कन्व्हेन्शन प्रमोशन ब्युरो, जो १९८८पासून हेच काम करतो, यांच्याकडून पाठिंब्याची पत्रं घ्यायची. "आमच्या शुभेच्छा आहेत" एवढंच लिहिलेलं पत्र फाइलमध्ये जागा अडवतं. मसुदा तुम्हीच लिहून न्या आणि त्यात काहीतरी ठोस असू द्या : विमानतळावर मदत कक्ष, स्वागत समारंभासाठी एखादी सरकारी वास्तू, दिव्यांगांसाठी बसगाड्या. सही करणारा अधिकारी त्यातलं निम्मं कापेल. उरलेलं निम्मं तरी पक्कं असेल.

महिना कोणता? फेब्रुवारी मागा. जून ते सप्टेंबर नाही म्हणजे नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता हे परदेशी माणसंही विसरलेली नाहीत, आणि एरवीही पावसाळ्यात व्हीलचेअरचे हाल होतात. डिसेंबरात लग्नसराईमुळे हॉटेलं परवडत नाहीत.

पाहणीला माणसं आली की त्यांना रविवारच्या सकाळी शहर फिरवू नका. संध्याकाळी सहाला विमानतळावरून निघा. गर्दी दिसू द्या, आणि त्याच प्रवासाला मेट्रोने किती वेळ लागतो तेही दिसू द्या. हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत, केईएमच्या, शीवच्या, नायरच्या विभागांत न्या. तुमच्या विद्यार्थिनींना बोलू द्या. त्याच पुढे स्वयंसेवक होणार आहेत, आणि पाहुण्यांच्या मनात नंतर त्यांचेच चेहरे राहतात.

मतदानापूर्वी दहा मिनिटं मिळतात, फार तर पंधरा. त्यात मंत्र्यांचा संदेश, नृत्य, अध्यक्षांचं भाषण असं सगळं कोंबतात आणि शेवटच्या मिनिटात शुल्काचा आकडा उरकतात. तुम्ही उलट करा. पहिल्या दोन मिनिटांत शुल्क, व्हिसा आणि सुगमता सांगून टाका, म्हणजे ऐकणाऱ्याचं मन मोकळं होतं. बोलायला दोघंच : महासंघाच्या कामामुळे सगळ्यांना ओळखीची असलेली एक ज्येष्ठ व्यक्ती आणि तिशीच्या आतली एक थेरपिस्ट. लहान देशांकडे दुर्लक्ष करू नका. त्यांच्या प्रतिनिधीला आदल्या संध्याकाळी चहाला बोलावून त्यांची अडचण विचारा. बहुतेक वेळा ती प्रवासखर्चाची असते, आणि दहा-बारा जणांना शिष्यवृत्ती देण्याची तरतूद तुमच्या अंदाजपत्रकात आधीच असेल तर तिथल्या तिथे उत्तर देता येतं.

यातलं बरंचसं पुढच्या दोन-तीन वर्षांत होईल. एक काम मात्र याच महिन्यात करा. केईएमच्या विभागात जाऊन १९५०च्या पहिल्या तुकड्यांचे फोटो, नोंदवह्या, कमलाबाईंच्या हातची पत्रं कुठल्या कपाटात आहेत का बघा, आणि स्कॅन करून घ्या. त्या तुकड्यांमधल्या कोणी हयात असतील तर त्या आज नव्वदीच्या पुढे असतील. त्यांचा पत्ता काढा, घरी जा, आवाज रेकॉर्ड करा. तुमच्या दाव्याची तारीख चार वर्षं पुढे गेली तरी चालेल, त्यांच्याकडे जायचं मात्र लांबवू नका.